एक खाते, दोन श्रोते

एकाच खात्यावर नवरा-बायको दोघेही ऐकू लागले की काही महिन्यांत ते खाते दोघांपैकी कोणाचेच राहत नाही. सकाळी तिलावत लावावी आणि ती संपताच अ‍ॅपने आपणहून लग्नाच्या वरातीतले गाणे सुरू करावे. रात्रपाळीहून परतताना नवऱ्याला रफीसाहेबांची जुनी गाणी हवी असावीत आणि समोर बाळाला झोपवायच्या गाण्यांची रांग लागावी. मग "तुझ्यामुळे माझी यादी बिघडली" असे म्हणणे सुरू होते. बिघडते ती यादी, पण कटुता येते ती माणसांत.

गेल्या महिन्यात खेड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे नाव न देता मजकूर थोडक्यात देत आहे. "शौहर कुवेतला आहेत. गाण्यांच्या अ‍ॅपचे पैसे तेच भरतात. खाते त्यांच्या नावावर, त्यांच्याच नंबरवर. माझ्या मोबाइलवरही तेच खाते चालते. सकाळी साडेआठला स्वयंपाक करताना मी नात लावते, तेव्हा तिकडे सहा वाजलेले असतात आणि ते ड्यूटीच्या बसमध्ये असतात. त्यांनी गझल लावली की माझी नात बंद पडते. मी पुन्हा लावली की त्यांची गझल बंद. वेगळे खाते हवे असे सांगावेसे वाटते, पण त्यांना वाटेल की ही माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. काय करू?"

या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक यंत्राचा आणि एक माणसांचा. यंत्राचा आधी घेऊ, कारण तो सुटला की दुसरा बराचसा हलका होतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकू. काही घरांत फक्त तिलावत, हम्द आणि नात ऐकतात. काही घरांत कव्वाली, गझल, फिल्मी गाणीही चालतात. कधी कधी एकाच घरात दोघांचे मत वेगळे असते. कोणी काय ऐकावे हा या सदराचा विषय नाही. पण जिथे मते वेगळी आहेत, तिथे वेगळ्या याद्यांची गरज अधिकच असते.

अ‍ॅपला माणूस दिसत नाही

अ‍ॅपला फक्त खाते दिसते. त्या खात्यावर काय शोधले, काय पूर्ण ऐकले, काय मधेच पुढे ढकलले, कशाला हृदयाची खूण केली, एवढे ते टिपून ठेवते आणि त्यावरून पुढचे सुचवते. दोघे एकाच खात्यावर ऐकतात तेव्हा अ‍ॅपच्या हिशेबी एक तिसराच श्रोता तयार होतो, जो नातही ऐकतो, गझलही ऐकतो आणि बडबडगीतेही. असा माणूस घरात कोणीच नसतो, म्हणून त्याला सुचवलेले घरात कोणालाच आवडत नाही.

एकाचे लावले की दुसऱ्याचे बंद पडते, हा मोबाइलचा दोष नाही. एकट्यासाठीचा प्लॅन घेतला असेल तर बहुतेक सेवा एका वेळी एकाच ठिकाणी ऐकू देतात. तो प्लॅन अटींनुसारही एकाच माणसासाठी असतो. त्यामुळे खेडच्या स्वयंपाकघरात आणि कुवेतच्या बसमध्ये एकाच वेळी तो चालणार नाही, हे ठरलेलेच आहे.

पैसे, संग्रह आणि हिस्ट्री

खाते म्हणजे एकच वस्तू आहे असे आपण धरून चालतो. खरे तर त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, पैसे कोण भरतो. दुसरी, संग्रह, म्हणजे जपून ठेवलेली गाणी आणि प्लेलिस्ट. तिसरी, हिस्ट्री, म्हणजे काय काय ऐकले त्याची नोंद. यातली पहिली गोष्ट एकत्र ठेवली तर बचत होते. दुसरी आणि तिसरी एकत्र ठेवली तर गोंधळ होतो. म्हणून पैसे एकत्र आणि बाकी दोन्ही वेगळे, हीच सर्वांत सोपी घडी.

कुटुंबाचा प्लॅन नेमके हेच करतो. यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनमध्ये पैसे भरणारा आणि त्याच्या घरातील आणखी ५ जण बसतात. प्रत्येकाचे गूगल खाते स्वतःचे राहते. एकाची हिस्ट्री किंवा प्लेलिस्ट दुसऱ्याला दिसत नाही, पैसे भरणाऱ्यालाही नाही. अ‍ॅपल म्युझिकच्या फॅमिली प्लॅनमध्ये मिळून ६ जण येतात आणि प्रत्येकाचा संग्रह वेगळा असतो. स्पॉटिफायचेही दोघांसाठीचे किंवा कुटुंबाचे प्लॅन अनेक देशांत आहेत. प्लॅनची नावे, किमती आणि माणसांची संख्या कंपन्या बदलत असतात, त्यामुळे घेण्याच्या दिवशी अ‍ॅपमध्ये पाहूनच ठरवावे.

आयफोन वापरणाऱ्या घरांत एक सवय दिसते. नवऱ्याच्या अ‍ॅपल खात्यावरच बायकोचाही फोन चालू करून दिलेला असतो. मग 'सिंक लायब्ररी' चालू असेल तर दोघांची गाणी एकमेकांच्या फोनवर दिसू लागतात, आणि एकाने यादीतून गाणे काढले की दुसऱ्याच्या यादीतूनही जाते. उपाय असा की प्रत्येकाचे अ‍ॅपल खाते वेगळे करावे आणि 'फॅमिली शेअरिंग'मध्ये दोघांनी एकत्र यावे. पैसे एकाच ठिकाणाहून जातात आणि संग्रह आपापल्याजवळ राहतो.

नव्याने लग्न झालेल्या मुलींनी एक नियम लक्षात ठेवावा. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये एका वेळी एकाच ग्रुपात राहता येते. माहेरच्या ग्रुपमधून बाहेर पडून सासरच्या ग्रुपमध्ये गेले की पुढचे १२ महिने पुन्हा ग्रुप बदलता येत नाही. म्हणून घाईने बाहेर पडू नये. कुठे राहायचे ते दोघांनी बोलून ठरवावे आणि मगच बदल करावा.

आखातात माणूस असेल तर

आपल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस कुवेत, दुबई, दोहा किंवा रियाधला असतो. तिथे फॅमिली प्लॅनची गाडी अडते. यूट्यूब प्रीमियम आणि स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनसाठी सर्वजण एकाच पत्त्यावर राहणारे असावे लागतात. गूगलच्या ग्रुपमधील माणसांचा देश एकच असावा लागतो. अ‍ॅपलवर वर्गणी वाटून घ्यायची तर खात्यांचा देश एक हवा. पत्ता खोटा टाकून काम भागवावे असे कोणी सुचवेल. ते योग्य तर नाहीच, शिवाय कंपनीने पडताळणी केली की पैसे भरूनही बाहेर पडावे लागते.

अशा घरांसाठी सरळ मार्ग म्हणजे दोन देशांत दोन स्वतंत्र खाती. दोन्हीकडे पैसे भरलेच पाहिजेत असेही नाही. जो रोज प्रवासात तास-दोन तास ऐकतो, त्याने पैसे भरावेत. जो घरात अधूनमधून ऐकतो, त्याला जाहिरातींसह फुकट मिळणारे पुरे होते. मात्र तिलावत ऐकताना मधेच जाहिरात वाजणे अनेकांना खटकते. त्यासाठी तिलावतीचे स्वतंत्र, जाहिरातविरहित अ‍ॅप ठेवावे किंवा ऑडिओ फाइल मोबाइलमध्ये घेऊन ठेवावी. बायकोचे ऐकणे तिलावत आणि नातेपुरते असेल तर एवढ्यातच प्रश्न मिटतो आणि खर्चही वाढत नाही.

खाते एकच ठेवायचे असेल तर

घरात एकच स्पीकर किंवा टॅबलेट आहे आणि दोघे त्यावरच ऐकतात, किंवा सध्या बदल शक्य नाही, अशा वेळी काही सवयींनी बराच गोंधळ टळतो.

पहिली सवय, हृदयाच्या खुणेचा मोह टाळावा. ती खूण केलेले सर्व काही खात्याच्या एकाच यादीत जाऊन पडते. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या प्लेलिस्ट कराव्यात आणि नावाच्या सुरुवातीला एक ठरलेला शब्द ठेवावा. 'अम्मी – नात', 'अम्मी – स्वयंपाक', 'अब्बा – गझल', 'अब्बा – प्रवास'. नावाप्रमाणे क्रम लावला की एकाच्या याद्या एकत्र येतात.

दुसरी सवय, जे आपल्या रोजच्या आवडीचे नाही ते हिस्ट्रीबाहेर ठेवावे. स्पॉटिफायमध्ये एखादी प्लेलिस्ट आपल्या आवडीच्या हिशेबातून वगळण्याची सोय आहे. मुलांच्या गाण्यांसाठी ती अवश्य वापरावी. तिथेच 'प्रायव्हेट सेशन'ही आहे. यूट्यूबमध्ये हिस्ट्री काही काळ थांबवता येते आणि त्यातील एकेक नोंद काढूनही टाकता येते. नको ते सुचवले गेले तर त्याच्या शेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवून 'नको' असे सांगता येते. आठ-दहा वेळा चिकाटीने असे केले की फरक दिसू लागतो.

तिसरी सवय, घरात पाहुणे आले आणि मुलांनी हट्टाने काही लावले, तर ते घरातल्या कोणाच्याही खात्यावर लावू नये. लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' वेगळे ठेवावे. बहुतेक घरांत आईच्या यादीची वाट लावतात ती मुलेच, आणि नाव मात्र नवऱ्याचे येते.

पण या तिन्ही सवयी म्हणजे डागडुजी आहे. पाऊस थांबेपर्यंत कौलावर टाकलेल्या ताडपत्रीसारखी.

जुन्या खात्यातून नव्यात जाताना

"वर्षानुवर्षे जमवलेल्या नाती जातील" या भीतीने अनेक भगिनी नवे खाते उघडायचे टाळतात. ही भीती अनाठायी आहे, फक्त क्रम पाळावा लागतो.

आधी स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या नंबरवर नवे खाते उघडावे. मग जुन्या खात्यात जाऊन आपली एकेक प्लेलिस्ट उघडावी आणि 'शेअर' करून तिची लिंक स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी. यूट्यूबवर ती प्लेलिस्ट 'प्रायव्हेट' असेल तर आधी 'अनलिस्टेड' करावी, नाहीतर लिंक उघडणार नाही. नव्या खात्यात लिंक उघडून यादी जपून ठेवावी.

इथे बहुतेक जण थांबतात, पण काम अजून अर्धेच झालेले असते. अशी जपलेली यादी मूळ खात्यातल्या यादीवर अवलंबून असते. तिकडे कोणी ती पुसली तर आपल्याकडूनही जाते. म्हणून नव्या खात्यात स्वतःची कोरी प्लेलिस्ट करून सगळी गाणी तिच्यात घ्यावीत. स्पॉटिफायमध्ये पूर्ण यादी एकदम दुसऱ्या यादीत घालता येते. हे झाल्यावर आठवडाभर नव्या खात्यावरच ऐकावे. काही राहिले असेल तर या आठवड्यात लक्षात येते. त्यानंतरच जुन्या खात्यातून बाहेर पडावे.

संगणकावर गाणी ठेवणाऱ्यांसाठी याहून सोपे आहे. विंडोजमध्ये दोघांचे वेगळे युजर करावेत, म्हणजे फोल्डर आपोआप वेगळे होतात. आयट्यून्स वापरत असाल तर ते उघडताना शिफ्टचे बटण दाबून धरावे, मॅकवर म्युझिक अ‍ॅप उघडताना ऑप्शनचे. मग कोणती लायब्ररी उघडायची ते विचारले जाते आणि तिथेच नवी लायब्ररीही करता येते. एकाच संगणकावर दोघांच्या दोन लायब्ररी सुखाने नांदतात.

नंबर कोणाचा?

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती. खाते ज्या नंबरवर आहे, त्या नंबरवर ओटीपी येतो. म्हणजे चावी त्याच्याकडे. आखातात गेलेल्या माणसाचे इथले सिम बऱ्याचदा कपाटात पडून असते. आपल्या देशात प्रीपेड नंबरचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर तो बंद केला जाऊ शकतो, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग मोबाइल बदलला, ओटीपी मागितला गेला, की बायकोच्या हातातली सगळी यादी कुलपाआड जाते. तो माणूस हयात असताना ही अडचण फोनवर बोलून सुटते. तो अचानक गेला, तर इद्दतीत बसलेल्या बाईने पासवर्ड कोणाला विचारावा? त्या खात्यात गाण्यांबरोबर कधी कधी घरातले फोटो आणि त्याच्या आवाजातले निरोपही असतात.

म्हणून स्वतःचे खाते स्वतःच्या नंबरवर असणे ही चैन नाही. रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक जसे आपल्या हाताशी असावे, तसेच हे. गूगल खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते ठराविक काळ वापरले गेले नाही तर त्यातील माहिती कोणाला मिळावी, हे तिथे आधीच नोंदवून ठेवता येते. नवरा-बायकोने तिथे एकमेकांचे नाव घालून ठेवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

अ‍ॅपवरची यादी ही आपली मालमत्ता नाही, हेही विसरू नये. गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झाले. एअरटेलचे विंक म्युझिक बंद होणार असल्याची घोषणा २०२४ साली झाली. सेवा बंद होताना कधी याद्या दुसरीकडे नेण्याची सोय मिळते, कधी मिळत नाही. आवडत्या पन्नास-शंभर गोष्टींची नावे वहीत लिहून ठेवली तर कोणतीही कंपनी बंद पडो, यादी पुन्हा उभी करता येते.

आणि जे कुठल्याच अ‍ॅपवर नाही ते तर आपणच जपायचे. मेंदीच्या रात्री आमच्या कोकणातल्या बायका म्हणतात ती गाणी, दादीने मिलादच्या मजलिसीत म्हटलेली नात, अब्बांनी तान्ह्या नातवाच्या कानात दिलेली अजान. ही रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये सकाळच्या शुभेच्छांच्या ढिगाखाली पडलेली असतात. त्यांचा वेगळा फोल्डर करावा. फाइलच्या नावात कोण, कुठे आणि कोणत्या साली एवढे लिहावे. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी. हा संग्रह मात्र नवरा-बायकोत वाटायचा नाही. तो दोघांचा आणि पुढे मुलांचा.

वेगळे म्हणजे लपवलेले नव्हे

आता पत्रातला दुसरा प्रश्न. वेगळे खाते मागितले तर संशय येईल का?

आपल्या घरांत प्रत्येकीची संदूक वेगळी असते, नवऱ्याचे कपाट वेगळे असते. त्याला कोणी लपवाछपवी म्हणत नाही. जिच्या-तिच्या वस्तू जिथल्या-तिथे सापडाव्यात म्हणून ती सोय असते. ऐकण्याचेही तसेच आहे. उलट एकत्र खात्यातूनच संशय जन्मतो. "रात्री दोन वाजता हे विरहाचे गाणे कोणासाठी ऐकत होतास?" किंवा "मी नसताना ही गाणी चालतात होय?" असे प्रश्न हिस्ट्री पाहूनच सुचतात. माणूस दमलेला असतो, कुणाची आठवण आलेली असते, कधी काहीच कारण नसते. गाण्याची नोंद ही कबुलीजबाबासारखी वाचायची नसते.

विषय काढताना "मला माझे वेगळे हवे" अशी सुरुवात करू नये. "तुम्ही बसमध्ये ऐकत असता आणि माझ्यामुळे तुमचे बंद पडते, त्यावर उपाय सापडला आहे" असे म्हणावे. ते खरेही आहे. नवऱ्यांनीही बायकोने सांगायची वाट पाहू नये. सुट्टीवर घरी आल्यावर कपडे आणि खजूर जसे आठवणीने आणता, तसे अर्धा तास बसून तिच्या नंबरवर तिचे खाते उघडून द्यावे आणि पासवर्ड तिलाच ठरवू द्यावा.

मग आपापली खाती झाल्यावर दोघांची मिळून एक यादी जरूर करावी. स्पॉटिफायमध्ये आणि यूट्यूबवर एकाच प्लेलिस्टमध्ये दोघांनाही गाणी घालता येतात, माणूस कुठल्याही देशात असो. तिने इकडून एक नात घालावी, त्याने तिकडून एक गझल. आठवड्याला एकेक पुरे. एका खात्यात नाइलाजाने मिसळलेली गाणी आणि आठवणीने एकमेकांसाठी ठेवलेली गाणी, यांतला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

या महिन्यात एवढे करून पाहा. आपले खाते कोणाच्या नंबरवर आहे ते तपासा, तो नंबर चालू आहे का ते पाहा आणि आपल्या आवडीची पन्नास नावे वहीत उतरवून ठेवा. बाकीचे सावकाश केले तरी चालेल.